पोटात बाळ आणि लुंबिनीची वाट
गरोदरपणात परदेशी धम्मयात्रेला जाणाऱ्या जोडप्यांसाठी

दीक्षाभूमीवरून आपण सगळे परतलो, त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. विहारात वंदना आटोपली आणि वस्तीतले एक तरुण जोडपे माझ्याजवळ येऊन बसले. लग्नाला दीड वर्ष झालेले. मुलगा ऑटो चालवतो, सूनबाई घरी शिवणकाम करते. तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले, चौथा महिना नुकताच लागलेला. मुलाच्या हातात यात्रेचे पत्रक होते. बारा दिवसांची बस. सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर आणि शेवटी सीमेपलीकडे नेपाळमधील लुंबिनी.

तो म्हणाला, "सिस्टर, बाळ येण्याआधी हिला लुंबिनी दाखवायची आहे. एकदा का बाळ झालं की दोन-तीन वर्षं निघणं होत नाही." त्याची आई म्हणत होती, जा. तिची आई फोनवरून म्हणत होती, पोटुशी बाईने उंबरठा ओलांडू नये. सगळे बोलत होते. जिच्या पोटात बाळ होते ती मात्र गप्प बसली होती.

मी तिलाच विचारले, "तुला काय वाटतं गं?"

ती हळूच म्हणाली, "मला जायचं आहे. पण बारा दिवस बसमध्ये बसायची भीती वाटते."

तिच्या या एका वाक्यात या लेखाचा सगळा धडा आहे. गरोदर बाईने प्रवास करूच नये हे खरे नाही, आणि श्रद्धा आहे म्हणून काही होणार नाही हेही खरे नाही. जायचे की नाही, कधी, कसे आणि किती दिवस, हे तिची तब्येत, तिच्या तपासण्या आणि तिची इच्छा पाहून ठरवायचे. बसचा अ‍ॅडव्हान्स भरला आहे, एवढ्यावरून नव्हे.

महामायेचा प्रवास

लुंबिनीला आपण का जातो ते आठवा. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ही हकीकत आहे. बाळंतपणाची वेळ जवळ आली तेव्हा महामायेला माहेरी, देवदहाला जावेसे वाटले. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्या घरांतही आहे. वाटेत लुंबिनीच्या शालवनातच तिला कळा सुरू झाल्या आणि सिद्धार्थाचा जन्म झाला. पुढे महामाया आजारी पडली आणि बाळ अवघे सात दिवसांचे असताना ती गेली. तान्ह्या सिद्धार्थाला तिच्या बहिणीने, महाप्रजापती गौतमीने वाढवले.

आपण जन्माची गोष्ट नेहमी सांगतो. सातव्या दिवसाची गोष्ट फारशी सांगत नाही. मी इतकी वर्षे नर्स म्हणून काम केले, त्यामुळे मला ती गोष्ट आधी आठवते. अडीच हजार वर्षांपूर्वी राजघराण्यातल्या बाईलाही वाचवता आले नाही, कारण तेव्हा रक्त तपासणारे, बीपी मोजणारे, बाळंतिणीला वेळेवर औषध देणारे कोणी नव्हते. आज ते सारे आहे. तरीही २०१८ ते २०२० या काळात आपल्या देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. त्यांतले बरेच मृत्यू वेळेवर उपचार मिळाले असते तर टळले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, लुंबिनीला जायचे असेल तर महामायेला वंदन करायला जा, आणि जाण्याआधी आपल्या घरातल्या मायेची तपासणी करा.

कोणत्या महिन्यात जावे?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. प्रवासाला सगळ्यात बरा काळ १४ ते २८ आठवडे, म्हणजे साधारण चौथा, पाचवा आणि सहावा महिना. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या, थकवा असतो आणि गर्भपाताचा धोकाही जास्त असतो. सातव्या महिन्यानंतर बीपी वाढणे, वेळेआधी कळा येणे, पाणी जाणे हे धोके वाढतात. अशा वेळी परमुलखात, रात्रीच्या बसमध्ये असणे म्हणजे संकट ओढवून घेणे. २८ आठवडे भरायच्या आत घरी परत यायचे, असा हिशेब धरूनच तारीख ठरवा.

ऋतूही पाहा. लुंबिनी तराईच्या सपाट प्रदेशात आहे. वैशाख पौर्णिमेला तिथे जावे असे प्रत्येकाला वाटते, पण त्या दिवसांत तिथे कडक ऊन असते आणि अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. पावसाळ्यात डास आणि गढूळ पाणी. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके, त्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने त्यातल्या त्यात सोयीचे.

निघण्याआधीच्या तपासण्या

त्या जोडप्याला मी सांगितले, आधी मला कार्ड दाखवा. माता-बाल संरक्षण कार्डावर तिचे हिमोग्लोबिन ९.१ होते. गरोदरपणात ते ११ च्या वर हवे. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय, त्याला रुग्णालयातच उपचार लागतात. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे ९.१ चे आपल्याला काहीच वाटत नाही. "आमच्याकडे सगळ्यांचं तेवढंच असतं," असे सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांचे कमी असते म्हणून ते पुरेसे होत नाही.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भातल्या आपल्या समाजात हा आजार पुष्कळ आढळतो, हे लपवण्यासारखे नाही. सोल्युबिलिटी टेस्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत बाई वाहक आहे की रुग्ण, ते कळते. वाहक म्हणजे एएस, रुग्ण म्हणजे एसएस. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. रुग्ण असलेल्या गरोदर बाईला थकवा, थंडी आणि पाणी कमी पडणे यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. लांबच्या यात्रेत या तिन्ही गोष्टी असतात, म्हणून तिने गरोदरपणी असा प्रवास टाळावा.

या मुलीची टेस्ट वाहक निघाली. ती घाबरली. मग नवऱ्याची टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. म्हणजे बाळ फार तर वाहक होईल, आजारी होणार नाही. ही तपासणी लग्नाआधी झाली असती तर दोन रात्रींची झोप उडाली नसती.

याशिवाय हे पाहून घ्या :

• बीपी. १४० / ९० किंवा त्याहून जास्त असेल तर प्रवास नाही. पहिलटकरणीला बीपीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.
• लघवी आणि साखरेची तपासणी.
• रक्तगट. निगेटिव्ह असेल तर ते कार्डावर ठळक लिहून घ्या. वाटेत थोडा जरी रक्तस्राव झाला तरी तिला विशेष इंजेक्शन लागते.
• सोनोग्राफी. वार खाली आहे का, जुळे आहे का, हे डॉक्टरांना विचारा.
• धनुर्वाताची लस.

वार खाली असणे, जुळे असणे, आधी रक्तस्राव झालेला असणे, हृदयाचा आजार, आटोक्यात नसलेली साखर, तीव्र रक्तक्षय, यांपैकी काही असेल तर यात्रा पुढे ढकला. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर स्त्रियांची तपासणी डॉक्टरांकडून मोफत होते. त्या दिवशी जा आणि स्पष्ट विचारा : "मला इतक्या दिवसांचा प्रवास झेपेल का?"

सहा आठवड्यांची तयारी

त्या मुलीला लोहाच्या गोळ्या मिळत होत्या, पण त्या डब्यातच पडून होत्या. "शौचाला काळं होतं, मळमळतं," ती म्हणाली. काळे होणे हे गोळी पोटात गेल्याचे लक्षण आहे, त्याला घाबरायचे नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहासोबत घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. लिंबू, आवळा, संत्रे यांनी लोह चांगले लागते. संत्र्यांच्या नागपुरात राहून हे सांगावे लागते! पालेभाजी, चणे, गूळ, अंडी, मटण, सुकट, जे घरात परवडते आणि चालते ते खा. आणि घरातल्या बाईने सर्वांत शेवटी, उरलेसुरले खायचे ही रीत निदान नऊ महिने तरी मोडा.

सहा आठवड्यांनी तिचे हिमोग्लोबिन १०.४ झाले. ११ झाले नव्हते, पण वाढत होते. बीपी चांगले, सोनोग्राफी चांगली. डॉक्टरांनी होकार दिला, पण बारा दिवसांच्या बसला नाही. मग दोघांनी बेत बदलला. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तिथून कुशीनगर आणि लुंबिनी, आणि परत. सहा दिवस. बाकीची स्थळे बाळ मोठे झाल्यावर.

रेल्वेत गरोदर स्त्रियांना खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना डॉक्टरांचा दाखला दाखवावा लागतो. रात्री दोनदा-तीनदा लघवीला उठावे लागते, त्यामुळे खालचा बर्थ ही चैन नाही, गरज आहे.

सीमा ओलांडताना

गोरखपूरहून सोनौलीची सीमा साधारण ९० किलोमीटर. पलीकडे भैरहवा, आणि तिथून २० ते २५ किलोमीटरवर लुंबिनी. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. फक्त आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका.

शेजारचा असला तरी तो दुसरा देश आहे, हे आरोग्याच्या बाबतीत विसरू नका :

• आपले आयुष्मान कार्ड तिथे चालत नाही. तातडीच्या उपचारासाठी काही रोख रक्कम वेगळी बांधून ठेवा. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० रुपये होतात, म्हणून बिलाचा आकडा पाहून एकदम घाबरू नका. तो कोणत्या रुपयांत आहे ते आधी विचारा.
• आपले सिमकार्ड रोमिंगशिवाय चालत नाही. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून ठेवा.
• आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गरोदर मातांसाठी १०२. नेपाळमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर १०२.
• भैरहवात भीम अस्पताल नावाचे सरकारी रुग्णालय आहे. नाव आपल्याला सहज लक्षात राहील. सीमेच्या अलीकडे गोरखपुरात मेडिकल कॉलेज आणि एम्स आहे.
• माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा कागद आणि सर्व रिपोर्ट तिच्याच पर्समध्ये असू द्या, डिकीतल्या बॅगेत नकोत. गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांच्या जास्त घ्या.

विमानाने श्रीलंका, थायलंड किंवा आणखी कुठे जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी कंपनीचा नियम विचारा. बऱ्याच कंपन्या सातव्या महिन्यापासून डॉक्टरांचे पत्र मागतात आणि शेवटच्या आठवड्यांत बसूच देत नाहीत. जाण्याची तारीख बसत असली तरी परतीची बसते का, तेही मोजा.

वाटेत पाणी, लघवी आणि पाय

आता खरी अडचण सांगते. ही कोणी लिहीत नाही. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला जागा नसते. त्या मुलीनेही तेच केले. गोरखपूर ते सोनौली बसमध्ये दोन घोट पाणी. स्वच्छतागृह घाण म्हणून सीमेवर लघवी दाबून धरली. दुसऱ्या दिवशी लुंबिनीत तिला लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप.

गरोदरपणात लघवीचा संसर्ग साधा समजू नये. तो मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. नशीब एवढेच की दोघांनी वेळ घालवला नाही. दुकानातून तापाची गोळी घेऊन झोपले नाहीत. नवऱ्याने रिक्षा केली आणि रात्री नऊ वाजता ते भैरहवाच्या रुग्णालयात पोहोचले. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहिले. किती आठवडे, रक्तगट कोणता, सिकलसेल वाहक, सगळे लिहिलेले होते. लघवी तपासली, बाळाचे ठोके ऐकवले, गरोदरपणात चालणारे औषध दिले. एक रात्र ठेवून घेतले. दोन दिवसांत ताप उतरला. परत आल्यावर तो मला म्हणाला, "सिस्टर, त्या रात्री ते कार्ड आमच्याकडे नसतं तर मी त्यांना काय सांगणार होतो?"

म्हणून हे नियम पाळा :

• दर दोन तासांनी गाडी थांबवायची, हे आयोजकाशी आधीच ठरवा. ते लाजून नाही, ठणकावून सांगायचे, आणि सांगायचे काम नवऱ्याचे. बसमधल्या इतर बायकाही दुवा देतील.
• थोडे थोडे पाणी सतत प्या. लघवी दाबू नका. साबण आणि स्वच्छ कापड जवळ ठेवा.
• सलग बसल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तासा-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा.
• बसमध्ये मागची सीट नको, धक्के बसतात. पट्टा असेल तर पोटावरून नाही, पोटाच्या खालून मांड्यांवर बांधा.
• पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीचे. घाणेरड्या पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ इतरांना बहुधा बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईचा जीव घेऊ शकते. तराईत काही ठिकाणी हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक असते, आणि ते उकळूनही जात नाही. म्हणून हातपंपाचे पाणी पिऊच नका.
• भोजनदानाचे जेवण असो की हॉटेलचे, गरम असेल ते खा. कापून ठेवलेली फळे, चटणी, उघड्यावरचा रस नको.
• संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री मच्छरदाणी.
• अंग दुखले म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी घेऊ नका. कोणती गोळी चालते ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लुंबिनीत पोहोचल्यावरही घाई नको. तो परिसर मोठा आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास पाच किलोमीटर. सगळ्या देशांची विहारे एका दिवसात पायी पाहायचा हट्ट करू नका, ई-रिक्षा मिळते. मायादेवी मंदिर, अशोकाचा स्तंभ आणि पुष्करिणी एवढे शांतपणे पाहिले तरी यात्रा पूर्ण झाली. त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे की शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, आणि म्हणून राजाने या गावाचा कर कमी केला. चपला काढून चालावे लागते, तेव्हा ऊन तापण्याआधी, सकाळीच जा. रांगेत उभे राहून चक्कर येत असेल तर खाली बसा. वंदना बसूनही होते.

ही लक्षणे दिसली तर थांबायचे नाही

पुढच्यापैकी एक जरी दिसले तरी यात्रा तिथेच सोडून रुग्णालय गाठा :

• अंगावरून रक्त जाणे किंवा पाणी जाणे
• थांबून थांबून पोट कडक होणे, कळा येणे
• जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज
• झटके येणे
• ताप, लघवीला जळजळ
• धाप लागणे, छातीत दुखणे
• एकाच पायाला सूज आणि वेदना
• बाळाची हालचाल कळू लागल्यानंतर ती कमी होणे किंवा थांबणे

"सगळ्यांची यात्रा माझ्यामुळे खोळंबेल" असे तिला वाटू देऊ नका. बस थांबू शकते. रक्तस्राव थांबायची वाट पाहत नाही.

परत आल्यावर

त्या मुलीला पूर्ण दिवस भरले. सरकारी रुग्णालयात मुलगी झाली, अडीच किलोच्या वर. मी तिला तिसऱ्या दिवशी भेटायला गेले आणि सातव्या दिवशी मुद्दाम पुन्हा गेले. ताप आहे का, अंगावरून जास्त जाते का, डोके दुखते का, बाळ दूध ओढते का, एवढे विचारले. आशाताईही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अशा ठरलेल्या दिवशी बेचाळीसाव्या दिवसापर्यंत घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका, आत घ्या.

सासूबाईंनी विचारले, "सातव्या दिवशी एवढं काय असतं, सिस्टर?"

मी म्हटले, "तुमची सून आत्ताच लुंबिनीहून आली ना? तिलाच विचारा."

सूनबाईने मुलीला पदराखाली घेतले आणि म्हणाली, "आई, महामाया सातव्या दिवशी गेली होती." मग सासूबाई उठल्या, आणि त्या दिवशी पहिली भाकरी सुनेच्या ताटात वाढली.

जय भीम.